दोघांच्या मधली जागा

घरातल्या सगळ्यांचं मिळून एक चित्र काढून घ्यावं, हे आईच्या मनात फार वर्षांपासून होतं. फोटोंचे ढीग आहेत आमच्याकडे, पण तिला चित्रच हवं होतं. तिचं म्हणणं असं, की फोटो काढणारा एकदा बघतो आणि मोकळा होतो. चित्र काढणाऱ्याला बघत बसावं लागतं. आपल्या घराकडे कुणीतरी असं बघत बसावं, अशी तिची इच्छा. बाबा गेल्यावर हा विषय मागे पडला. मग तिनेच तो पुन्हा काढला आणि चित्रकार शोधायचं काम माझ्याकडे आलं.

चेहरे उत्तम काढणारे चित्रकार पुष्कळ आहेत. सुरकुत्यांमध्ये अडकलेला उजेड, बुबुळावरचा पांढरा ठिपका, दाढीचा केस न् केस. बघत राहावं असं काम असतं. पण त्यातलं बहुतेक काम एकेका माणसाचं. एक म्हातारा, एक तरुणी, एक मूल, मागे गडद पार्श्वभूमी. कुटुंबाच्या चित्राचं प्रकरण वेगळं असतं. चार सुंदर चेहरे शेजारी शेजारी काढले म्हणजे कुटुंब होत नाही. बसच्या रांगेतही माणसं शेजारी शेजारीच उभी असतात. म्हणून मी चेहऱ्यांवरची नजर जरा काढून घेतली आणि दोन माणसांच्या मध्ये काय चाललंय ते बघायला लागले. चित्रकार निवडताना मला आता तेवढंच महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

हे बघायला मला एका चित्राने शिकवलं. एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराने आपल्या आत्याच्या कुटुंबाचं एक चित्र काढलंय, 'बेलेल्ली कुटुंब'. १८५८ मध्ये, चोविशीत असताना, तो इटलीत फ्लॉरेन्सला तिच्याकडे राहायला गेला होता. तिथे त्याने या चित्राची तयारी सुरू केली आणि मग कितीतरी वर्षं तो त्यावर काम करत राहिला. चित्र चांगलं दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद आहे. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. डावीकडे आत्या उभी, अंगावर काळा पोशाख, कारण तिचे वडील, म्हणजे देगाचे आजोबा, नुकतेच वारलेत. तिचा एक हात थोरल्या मुलीच्या खांद्यावर. धाकटी मधोमध खुर्चीवर बसलेली, एक पाय अंगाखाली दुमडून घेतलेला, कारण त्या वयाच्या पोरीला दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसणं जमत नाही. आणि उजव्या बाजूला, शेकोटीपाशी, आरामखुर्चीत नवरा. त्याची पाठ जवळजवळ आपल्याकडे. तो मान वळवून बघतोय, पण उठत मात्र नाही.

या चित्रात चौघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. आत्या सगळ्यांच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघते. तिच्यात आणि नवऱ्यात टेबलाचा पाय आहे, शेकोटीची कड आहे, आरशाची चौकट आहे. अशा उभ्या रेषा देगाने एकामागे एक ठेवल्यात. नवरा राजकीय कारणांमुळे नेपल्समधून हद्दपार झालेला, दोघांचं फारसं पटत नसे, हे आत्याच्या पत्रांतूनही दिसतं. पण ती पत्रं न वाचताही चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला सगळं कळतं. धाकटीचं तर फार वाईट वाटतं मला. ती आईबापांच्या बरोबर मध्ये बसली आहे, अंग आईच्या बाजूला आणि मान बापाच्या बाजूला.

आपल्या घराचं इतकं खरं चित्र कुणाला हवं असतं, हा प्रश्न रास्त आहे. मला तर ते हवंच होतं. आमच्या घरात असं काही दुखणं नाही, पण जे आहे ते आमचं आहे. आई आणि वहिनी तासन् तास न बोलता एका खोलीत बसू शकतात आणि दोघींनाही ते आवडतं. दादा आणि मी एकमेकांच्या फार जवळ उभे राहत नाही, पण खोलीत एकजण आला की दुसरा सरकून जागा करतो. पुतणी कुणाच्या तरी अंगाला टेकल्याशिवाय बसत नाही. हे ज्याच्या लक्षात येईल त्याच्याकडून चित्र काढून घ्यायचं, असं मी ठरवलं.

मग चित्रकारांचं काम बघताना काही गोष्टी आपोआप डोळ्यांत भरायला लागल्या. पहिली म्हणजे डोळे. एकाच चित्रकाराची वेगवेगळ्या माणसांची चित्रं शेजारी ठेवली, की काहींच्या बाबतीत सगळ्यांचे डोळे एकाच घरचे दिसतात. तेच पाणीदार मोठे डोळे आजोबांना, तेच नवरीला, तेच तान्ह्या बाळाला. असा चित्रकार माणूस बघत नाही, हात बसलेला डोळा काढतो. दुसरी गोष्ट हात. अवघड जागा चुकवायची झाली की हात खिशात जातात, फुलांच्या गुच्छामागे जातात किंवा चौकटीच्या खाली कापले जातात. कुटुंबात मात्र बरंचसं बोलणं हातांनीच होतं. कुणाच्या खांद्यावर कुणाचा हात आहे, तो नुसता ठेवलेला आहे की त्याचा भार दिलेला आहे, हे ज्याला काढता येत नाही त्याने माझ्या आईला कितीही गोड दाखवलं तरी मला ते पुरलं नसतं.

आणि मुळात मूळ चित्र बघावं. मोबाइलवर दोन मीटरचं चित्र आणि वीतभर चित्र सारखंच दिसतं. रंगाचा थर, कडा कुठे सोडल्या आहेत, कुठे घट्ट केल्या आहेत, हे पडद्यावर कळतच नाही. हल्ली फोटो कॅनव्हासवर छापून त्यावर वरवर ब्रश फिरवून दिलेलं कामही 'हाताने रंगवलेलं' म्हणून मिळतं. चित्राला बाजूने उजेड पाडून तिरकं बघितलं, की खाली सपाट छपाई आहे की खरोखर रंग चढवलाय, हे बरंच समजतं. मी प्रत्येकाला अर्धवट राहिलेलं काम दाखवायची विनंती केली. पुऱ्या झालेल्या चित्रात सगळं झाकलं जातं. अर्धवट चित्रात चित्रकार आधी काय पकडतो ते दिसतं. कुणी आधी एक डोळा पूर्ण करून मग बाजूला सरकतो. कुणी सगळ्या माणसांचा मिळून एक मोठा आकार धूसर रंगात मांडतो आणि चेहरे शेवटी आणतो. घराच्या चित्रासाठी मला हा दुसरा माणूस हवा होता.

चित्रकारासमोर बैठक द्यायची की फोटोंवरून काढून घ्यायचं, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. सगळ्यांनी एकत्र, सलग बसायचं म्हटलं तर लहान मूल असलेल्या घरात ते शक्यच नाही, आणि मोठ्यांनाही वीस-पंचवीस मिनिटांनी मोकळं व्हावं लागतं. पण त्यासाठी फक्त फोटोंवर भागवायची गरज नसते. गोया या स्पॅनिश चित्रकाराने स्पेनच्या राजाच्या, चौथ्या कार्लोसच्या कुटुंबाचं प्रचंड चित्र रंगवलं ते १८०० ते १८०१ या काळात. तेव्हा त्याने एवढ्या मोठ्या गोतावळ्याला एकत्र ताटकळत ठेवलं नाही. आधी एकेकाला समोर बसवून त्याचं वेगळं चित्र केलं आणि मग सगळ्यांना एका कॅनव्हासवर आणलं. त्यातली काही सुटी चित्रं आजही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. त्या मोठ्या चित्रात एका तरुणीचं तोंड दिसतच नाही, मान मागे वळलेली. राजपुत्राची वधू तेव्हा ठरायची होती म्हणून तिची जागा अशी राखून ठेवली असावी, असं मानतात. घर वाढणार आहे हे धरून चाललेला चित्रकार मला फार जवळचा वाटतो.

फोटो वापरायचेच असतील तर ते चित्रकाराने स्वतः काढलेले बरे. फोन तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान मागे जातात आणि चेहरा अरुंद होतो. तसाच तो कॅनव्हासवर उतरला की 'सगळं बरोबर आहे, पण ही आपली आई नाही' असं वाटत राहतं. दोन-तीन मीटर मागे सरून काढलेल्या फोटोत चेहरा आपल्या ओळखीचा राहतो. समोरून मारलेला फ्लॅश तर सगळ्या सावल्या पुसून टाकतो, आणि चेहऱ्याचा आकार कळतो तो सावल्यांमुळेच. शिवाय हसणं. फोटोतलं दात दाखवलेलं हसू क्षणभराचं असतं. तेच चित्रात वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलं की तोंड आवळल्यासारखं दिसायला लागतं. जुन्या व्यक्तिचित्रांमध्ये दात क्वचितच दिसतात, त्याचं हेही एक कारण आहे. आई फोटोत कधी दात दाखवत नाही, तेव्हा तिचा प्रश्न नव्हता. पुतणीला मात्र तिचे नुकतेच पडलेले पुढचे दोन दात चित्रात हवे आहेत, म्हणजे न-हवे आहेत, आणि त्यावर ती ठाम आहे.

चित्रकारावर किती सोपवायचं, यावर मी खूप विचार केला. जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने १८८२ मध्ये एडवर्ड बॉइट या आपल्या मित्राच्या चार मुलींचं चित्र काढलं. जवळजवळ चौरस कॅनव्हास. सगळ्यात धाकटी पुढे जमिनीवर बाहुली घेऊन बसली आहे, एक डावीकडे एकटी उभी, आणि थोरल्या दोघी मागे काळोख्या दारात. त्यातली एक माणसाहून उंच अशा चिनी मातीच्या फुलदाणीला पाठ लावून उभी, तिचा चेहरा जेमतेम कळतो. चित्र पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुष्कळांना ते विचित्र वाटलं, मध्ये एवढी रिकामी जागा कशाला, असं. पैसे मोजणाऱ्या बहुतेक आईबापांनी 'तिचा चेहरा जरा उजेडात घ्या ना' असं म्हटलं असतं. बॉइट कुटुंबाने तसं काही केलं नाही. पुढे १९१९ मध्ये त्या मुलींनीच वडिलांच्या स्मरणार्थ ते चित्र बोस्टनच्या संग्रहालयाला दिलं, आणि चित्रातल्या दोन्ही फुलदाण्याही नंतर तिथे आल्या. मोठ्या होत जाणाऱ्या मुली कशा एकेक करून काळोखाकडे, आपापल्या आयुष्याकडे सरकतात, हे त्या रिकाम्या जागेतच दिसतं. ती जागा भरून काढायला सांगितली असती तर चार गोंडस मुली उरल्या असत्या.

उलट बाजूही आहे. विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, १९५४ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या सदस्यांनी त्यांना ग्रॅहम सदरलँड या चित्रकाराने काढलेलं त्यांचं चित्र भेट दिलं. चर्चिल यांना ते अजिबात आवडलं नाही, आणि पुढे त्यांच्या घरच्यांनी ते नष्ट करून टाकलं. चित्रकार नामवंत होता, कामही मनापासून केलेलं होतं. पण चित्रकार निवडला एकांनी आणि समोर बसायचं होतं दुसऱ्याने. म्हणून मी ठरवलं, की शेवटचा शब्द आईचा. ज्याच्यासमोर ती अवघडून बसेल त्याच्याकडे जायचं नाही, मग त्याचं काम मला कितीही आवडो.

बाबांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र मी प्रत्येक चित्रकारापुढे ठेवत होते. आईला ते चित्रात हवे होते. एका चित्रकाराने माणसं किती, कॅनव्हास केवढा, एवढं विचारून घेतलं आणि सांगितलं, "फोटो पाठवा, मध्ये बसवून देतो." ते त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, आणि अनेक घरांना अगदी हेच हवं असतं. त्यात काही गैर नाही. पण माझ्या मनाला ते पटेना. आम्ही सगळे आजचे आणि बाबा एका जुन्या फोटोतले, असे आम्ही एका सोफ्यावर कसे बसणार?

ज्या चित्रकार बाईंचं नाव शेवटी नक्की झालं, त्या घरी आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून काहीच काढलं नाही, वहीसुद्धा नाही. आईशी बोलत बसल्या. मध्येच पुतणी येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली, तर त्या जरा सरकल्या आणि बोलणं चालू ठेवलं. मग त्यांनी जुने फोटो मागितले. मी मनात देगाचा उपाय धरून बसले होते. आत्याच्या मागे भिंतीवर त्याने आजोबांचं चौकटीतलं चित्र टांगलंय, तिच्या डोक्याच्या अगदी जवळ. गेलेला माणूस त्या खोलीत आहे, पण जिवंत माणसांच्या रांगेत बसलेला नाही. मी ते सांगितलं. बाईंना ते चित्र ठाऊक होतं. "करता येईल," असं म्हणून त्या फोटो चाळत राहिल्या.

"यात बाबा कुठेच दिसत नाहीत हो."

"फोटो तेच काढायचे ना," आई म्हणाली.

बाई थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "उंच होते का?"

आईने उठून दाराच्या चौकटीशी हात धरून दाखवला. बाईंनी तिथे नजर टाकली, मग स्वतः त्या जागी गेल्या, टाचा उंचावून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही सगळे यांच्याकडेच बघताय. प्रत्येक फोटोत."

पुढे त्यांनी समजावलं ते असं. कुठल्याही चित्रात एक क्षितिजरेषा धरलेली असते, आणि ती बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. बसलेल्या माणसाच्या नजरेतून काढलं तर टेबलाचा वरचा भाग अरुंद पट्टीसारखा दिसतो. उभ्या, उंच माणसाच्या नजरेतून काढलं तर तोच भाग रुंद दिसतो, जमीन जास्त दिसते, बसलेल्यांचे भांग दिसतात. आमचं चित्र बाई बाबांच्या उंचीवरून काढणार. आम्ही त्यांच्याकडे बघतोय असं. चित्रात बाबा नसतील, पण चित्रासमोर जो उभा राहील तो त्यांच्या जागी उभा राहील.

मला लगेच वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं 'लास मेनिनास' आठवलं. १६५६ सालचं ते चित्र. मधोमध छोटी राजकन्या, भोवती तिच्या सख्या, कुत्रा, बाजूला खुद्द चित्रकार, आणि त्यातले कितीतरीजण चित्राच्या बाहेर, थेट आपल्याकडे बघत आहेत. कारण आपण उभे आहोत तिथे राजा-राणी उभे आहेत, असं अनेकजण मानतात. ते दिसतात फक्त मागच्या भिंतीवरच्या आरशात, इवलेसे, अंधूक. आपल्याकडे राजा रविवर्मा यांचं १८९३ मधलं 'देअर कम्स पापा' हे चित्रही याच जातीचं आहे. त्यांनी स्वतःच्या मुलीला आणि नातवाला समोर ठेवून ते काढलं. आई कडेवरच्या बाळाला बाजूला काहीतरी दाखवते आहे, तिचं सगळं लक्ष तिकडे लागलंय, आणि ज्या बापाची वाट बघणं चाललंय तो चौकटीच्या बाहेर आहे. चित्रात तो कुठेही नाही आणि चित्र मात्र सगळं त्याचंच आहे.

बाईंनी या चित्रांची नावंही काढली नाहीत. त्यांनी आईचं ऐकलं, फोटो बघितले आणि उंची विचारली. आई त्या दिवशी दाराशी हात धरून उभी होती तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग बाईंना म्हणाली, "तुम्ही कधीपासून याल?" निवड तिथेच झाली.

बाकीचं आम्ही नीट बोलून, लिहून घेतलं, आणि ते प्रत्येकाने घ्यावं असं मला वाटतं; दोन्ही बाजूंची मनं त्यामुळे मोकळी राहतात. चित्र कोणत्या भिंतीवर लागणार, त्या भिंतीवर ऊन पडतं का, किती लांबून ते बघितलं जाणार, यावरून कॅनव्हासचं माप ठरलं. कच्च्या रेखाटनाच्या वेळी हवे तेवढे बदल सांगायचे. रंग चढायला लागले की बदल सांगायचे नाहीत, फक्त कुणाची चेहरेपट्टी चुकत असेल तरच बोलायचं. चित्राचा फोटो त्यांनी आपल्या कामात इतरांना दाखवायचा की नाही, हे आईने ठरवायचं. काम तैलरंगात होणार आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं, त्यामुळे वरून हात लावून कोरडं लागलं तरी आत काम चालूच असतं. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी, वर्षाने द्यायचं, तोवर चित्र काचेत कोंडायचं नाही. एखाद्या ठरावीक तारखेला भेट म्हणून चित्र द्यायचं असेल, तर हा वेळ आधीच धरून चालावं.

पहिल्या बैठका आईच्या आहेत, कारण सकाळी ती ताजी असते आणि खिडकीतला उजेडही तेव्हा एका बाजूने येतो. पुतणीची झटपट रेखाटनं ती खेळत असतानाच होतील. वहिनीने आईच्या बैठकीच्या वेळी खोलीतच बसावं, काही करू नये, असं बाईंनी मुद्दाम सांगितलंय. दादा आणि माझ्यामध्ये किती अंतर ठेवायचं, हे मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही. म्हणून आम्हा दोघांना त्यांनी वेगवेगळं न बोलावता एकत्रच बोलावलंय, आणि दादाने त्यासाठी ऑफिसातून सुट्टी मागून घेतली आहे.